मागच्या चाकांचा हिशेब

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या दक्षिणेला आमचं यार्ड आहे. ट्रेलर भाड्याने देणं आणि लोकांचे ट्रेलर दुरुस्त करणं ही दोन कामं तिथे चालतात. घोडे नेणारे, मोटार चढवून नेणारे मोठे ट्रेलर येतात तेव्हा त्यांचे मालक स्वतःहूनच टायरचा विषय काढतात. मला काळजी वाटते ती छोट्या ट्रेलरची. पाच बाय आठ फुटी, एका आसाचा, दोन चाकांचा. रिकामा असला तर एकटा माणूस दांडा धरून अंगणात फिरवील असा. ह्याचा मालक मोटारीला जोडणारा हिच बसला का बघतो, दिवे लागतात का बघतो आणि निघतो. टायरकडे बघितलंच तर एवढंच, की हवा आहे ना, नक्षी आहे ना.

नक्षी असतेच, आणि फसगत तिथेच होते. मोटारीचा टायर झिजून संपतो. छोट्या ट्रेलरचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडायचं आणि उरलेलं वर्ष इथल्या उन्हात एकाच जागी उभं राहायचं, हे त्याचं आयुष्य. टायरच्या रबरात ओझोनपासून राखण करणारं मेण आणि रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, सुटतो, तसतशी ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. तो वरून कोरडा पडत जातो, आत दोरे आणि रबर यांची पकड सैल होत जाते, आणि नक्षी मात्र नव्यासारखी खोल राहते.

मी हे काम शिकलो इस्लामपूरला, एका टायरच्या दुकानात. तिथे उभ्या टायरशी फारसा संबंधच आला नाही. उसाच्या ट्रॉलीचा टायर पार गोटा होईपर्यंत पळायचा, मग रिमोल्ड होऊन पुन्हा पळायचा. टायर किती उरलाय हे हाताला कळायचं, बोट नक्षीत घातलं की झालं. इथे आल्यावर बोटापेक्षा डोळ्यांचं काम वाढलं. छोट्या ट्रेलरचा टायर तपासायचा म्हणजे आधी तो वाचायचा असतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट सांगतो. शाळेत शिकवणारं एक जोडपं जुना टिअरड्रॉप ट्रेलर घेऊन आलं. थेंबाच्या आकाराची ही झोपायची गाडी. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. त्यांना बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं, इथून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. ‘‘हवा तेवढी बघा, बाकी सगळं ठीक आहे,’’ बाई म्हणाल्या. टायरवर कमाल हवा ६० पीएसआय लिहिलेली. मापकावर ३८ दिसली. दोन्ही टायर बघायला छान गोल. कुठे बसल्यासारखे वाटत नव्हते.

उत्पादनाची तारीख बाहेरच्या बाजूला नव्हती. डीओटीचा, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याचा, पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूवर असतो, आणि ती बाजू आत गेली असेल तर जमिनीवर आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. मी पुठ्ठा टाकून खाली सरकलो, ओल्या फडक्याने चिखल पुसला आणि बॅटरी तिरकी धरली. शेवटचे चार आकडे ३११३. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१३ सालचा एकतिसावा आठवडा. २००० सालापासून हीच पद्धत आहे. मग बॅटरी तशीच धरून नक्षीच्या खाचेच्या तळाशी बघितलं. वरून काळाभोर दिसणाऱ्या रबरात, अगदी तळाला, आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या बारीक भेगा होत्या. साइडवॉल जिथे रिंगेला मिळते त्या वळणावरही तशाच. फुगा कुठे नव्हता, तार निघालेली नव्हती. पण दहा वर्षांहून जुना टायर, कमी हवा आणि पश्चिम टेक्सासचा तापलेला रस्ता एकत्र आले, तर फुगा यायला एक दुपार पुरते.

मी बाईंना खाली वाकून बघायला लावलं. मला वाटतं, टायर नाकारायचा असेल तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना तो दाखवलाच पाहिजे. नुसतं ‘जुना झालाय’ म्हटलं तर हा टायर विकायला बसलाय असं वाटतं, आणि तसं वाटण्यात काही चूक नाही. बाईंनी बघितलं, मग नवऱ्याला बोलावून दाखवलं.

‘‘ठीक आहे, ह्याच मापाचे नवे टाका,’’ ते म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, ‘‘माप आत्ताच ठरवू नका. गाडी भरा, जेवढं सामान नेणार तेवढं सगळं भरा, पाणीसुद्धा. महामार्गावर ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर वजन करून चिठ्ठी आणा. येता-जाता सावकाश चालवा, मग ठरवू.’’ मी हवा ६० वर नेऊन दिली आणि काट्यापर्यंत गावातल्या रस्त्याने जायला सांगितलं.

छोट्या ट्रेलरच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज वजनाचा असतो. विकत घेताना सांगितलेलं रिकामं वजन माणसाच्या डोक्यात घर करून राहतं. पण टायर निवडायचा तो सगळ्यात जड दिवसासाठी. आमच्याकडून पाच बाय आठचा ट्रेलर बागेसाठी माती आणायला नेतात. एक फूट उंच फळ्यांचा तो साटा लोडरने काठोकाठ भरला की ओलसर माती दीड टनाच्या घरात जाते. ट्रेलरच्या पाटीवर, त्याच्या स्वतःच्या वजनासह, जेमतेम १३५६ किलोची परवानगी असते. साटा अजून भरायला जागा आहे, एवढं बघून लोडरवाला आणखी एक बादली ओततो. सपाट साट्यात माती दिसते तेवढी हलकी नसते. टिअरड्रॉपमध्ये हेच पाणी, बर्फाची पेटी, गॅस, बॅटरी, तंबूच्या कापडाने होतं. एकेक वस्तू हलकी, बेरीज जड.

ते दोघं चिठ्ठी घेऊन आले. ट्रेलरच्या आसावर ६८९ किलो. त्यांच्या टायरचं माप ४.८०-१२, लोड रेंज म्हणजे भाराची श्रेणी बी. असा एक टायर ६० पीएसआय हवेला जास्तीत जास्त ३५६ किलो पेलतो, दोन मिळून ७१२. कागदावर २३ किलो शिल्लक. तेवढं वजन २३ लिटर पाण्याचं होतं. शिवाय काट्याने दोन्ही चाकांची बेरीज सांगितली होती, डावं-उजवं वेगळं सांगितलं नव्हतं. त्यांच्या गाडीत पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही डाव्या बाजूला. डाव्या चाकावर उजव्यापेक्षा चाळीस किलो जास्त पडले, तर डावा टायर मर्यादेच्या पुढे गेलाच. आणि हवा ३८ असताना त्याची ताकद ३५६ नव्हतीच. टायर भार पेलतो तो आतल्या हवेच्या जोरावर; हवा उतरली की पेलायची ताकदही उतरते. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण टायरवर छापलेला आकडा पूर्ण हवेचा असतो हे वाक्याच्या शेवटी बारीक अक्षरात असतं.

मी कमीत कमी वीस टक्के शिल्लक धरतो. हा कायदा नाही, माझा हिशेब आहे. रस्त्यातला खड्डा, वळणावर एका बाजूला झुकणारा भार, उन्हाळ्याची दुपार, हे सगळं त्या वीस टक्क्यांतून जातं. त्यांच्या १२ इंची, चार इंच रुंदीच्या रिंगेवर ५.३०-१२ हे मापही बसतं. लोड रेंज सी घेतला तर एक टायर ८० पीएसआयला ४७४ किलो पेलतो. दोन मिळून ९४८. टायर थोडा उंच होतो, म्हणून वरच्या मडगार्डमध्ये फट किती राहते ते बघावं लागतं. स्प्रिंग पूर्ण दबली तरी टायर पत्र्याला लागता कामा नये. मी जॅक लावून फट मोजली, पुरेशी होती.

इथे आमच्या यार्डातले ज्येष्ठ कारागीर मध्ये पडले. ते मेक्सिकन आहेत, सगळे त्यांना माएस्त्रो म्हणतात. आयुष्यभर टायरचं काम केलेला माणूस. त्यांनी जुनी रिंग हातात घेतली, व्हॉल्व्ह अंगठ्याने वाकवला आणि म्हणाले, ‘‘टायर ८० चा, आणि हा?’’ साधा रबरी, दाबून बसवायचा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. त्याच्या वर जास्त दाबाचा, धातूच्या दांडीचा व्हॉल्व्ह लागतो. रिंगेवरही तिची स्वतःची कमाल हवा आणि कमाल भार ठोकलेला असतो. त्यांच्या रिंगेवर तो आकडा कमी होता, म्हणून रिंगाही बदलल्या. जड टायर आणला पण रिंग आणि व्हॉल्व्ह हलकेच ठेवले, तर फुटायची जागा तेवढी बदलते. माएस्त्रो रिंग बदलतात तेव्हा बेअरिंगही काढून बघतात, सांगावं लागत नाही. हबमधलं ग्रीस सुकून पिवळट झालं होतं. ते काढून नवं भरलं.

मोठा टायर टाकला म्हणून ट्रेलरची क्षमता वाढत नाही, हे त्या दोघांना मी दोनदा सांगितलं. आस, स्प्रिंग, दांडा पहिलेच आहेत. पाटीवरचा आकडा पहिलाच आहे. वाढली ती टायरची शिल्लक, सामानाची जागा नव्हे.

वेगाचा विषय मी शेवटी काढतो, कारण तो कुणाला आवडत नाही. ट्रेलरच्या टायरवर मापाच्या आधी ‘एसटी’ लिहिलेलं असतं, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा. त्यावर वेगाचं वेगळं अक्षर नसेल तर त्याची मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर धरायची. एल अक्षर असेल तर १२०, एम असेल तर १३०. आणि टेक्सासचे रस्ते? पश्चिमेकडे जाणाऱ्या आय-१० महामार्गावर ताशी ८० मैलांची मुभा आहे. ऑस्टिनच्या दक्षिणेकडून सेगीनपर्यंत २०१२ साली सुरू झालेल्या एसएच-१३० वर तर ८५ मैल, १३७ किलोमीटर. रस्त्याच्या कडेची पाटी पुढच्या मोटारीला परवानगी देते. मागच्या टायरची मर्यादा त्या पाटीने बदलत नाही.

त्यात चाक जितकं लहान तितका ताण जास्त. मोटारीचं चाक ताशी शंभर किलोमीटरला मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या मारतं. अगदी हलक्या ट्रेलरचं आठ इंची रिंगेचं चाक त्याच वेगाला १३०० च्या आसपास. प्रत्येक फेरीत टायर एकदा दबतो, एकदा सुटतो, आणि प्रत्येक दबण्यात उष्णता तयार होते. बेअरिंगही तितक्याच फेऱ्या सोसतं. आठ इंची चाकं गावातल्या गावात नाव पाण्यात सोडायला ठीक आहेत. महामार्गावर रोज जायचं असेल तर मी बारा किंवा तेरा इंची चाकांचाच ट्रेलर सुचवतो, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

सांगली भागात बैलगाडीला ८.००-१९ चा टायर बसतो. तो बैलाच्या चालीसाठी बांधलेला असतो. तीच गाडी उसाने भरून ट्रॅक्टरमागे पळवताना मी बघितली आहे. भाराच्या दृष्टीने टायर बरोबर, वेगाच्या दृष्टीने चूक. इथल्या सहापदरी रस्त्यावर पिकअपमागे उड्या मारत जाणारा छोटा ट्रेलर दिसला की मला त्या गाड्या आठवतात.

कमी हवा, जास्त भार आणि उष्णता मिळून काय होतं हे ह्या देशाने मोठ्या प्रमाणावर बघितलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना बसवलेले होते. धावताना टायरची नक्षीची पट्टी आतल्या पट्ट्यांपासून सुटत होती, आणि टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत ते जास्त घडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला, आणि त्यातून पुढे नव्या मोटारींना हवा कमी झाल्याचं सांगणारा दिवा सक्तीचा झाला. ट्रेलरला ती सक्ती नाही. त्यामुळे पुढे गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या चार चाकांची खबर मिळते, मागच्या दोन चाकांची मिळत नाही. हलका ट्रेलर मागे आहे हे कधीकधी स्टिअरिंगवर जाणवतसुद्धा नाही. टायर फुटल्याचं कळतं ते मडगार्ड उचकटलं, दिव्यांच्या वायरी तुटल्या आणि मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला की. एकाच आसाच्या ट्रेलरला दुसरं चाक आधाराला नसतं. म्हणून ट्रेलरसाठी हवेचे सेन्सर मिळतात ते घ्या, असं मी सांगतो. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे असतात, काम पाच मिनिटांचं.

सेन्सर नसेल तर सकाळची सवय तरी हवी. हवा बघायची ती गार टायरची, निघण्याआधी. दुपारी पेट्रोल भरायला थांबल्यावर मापक लावला की आकडा चढलेला दिसतो आणि लोक घाबरून हवा सोडतात. तो चढणं टायरच्या हिशेबात धरलेलं असतं. सोडली की दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर निघतो. थांबलात तर मापकापेक्षा हात वापरा. दोन्ही टायरना, दोन्ही हबना हात लावून बघा; एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल तर तिथे काहीतरी बिघडतंय. ८० पीएसआयच्या टायरसाठी मापकही तसा लागतो. मोटारीच्या खणात पडलेला मापक बऱ्याचदा ६० लाच संपतो, आणि पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर ८० पर्यंत नेईलच असं नाही. म्हणून त्या जोडप्याला मी छोटा पंप सोबत घ्यायला लावला. चाकं बदलल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबून नट पुन्हा आवळायलाही सांगितलं. नवी रिंग बसते, रंग दबतो, नट किंचित सैल पडतात.

‘मोटारीचे टायर टाकले तर?’ हे लोक हमखास विचारतात, कारण ते स्वस्तात आणि कुठेही मिळतात. बंदी नाही. पण मोटारीचा टायर ट्रेलरला लावला तर त्याच्यावर लिहिलेला भार १.१० ने भागायचा असा नियम आहे. ५०० किलोचा टायर ट्रेलरखाली सुमारे ४५५ चा झाला. शिवाय त्याची साइडवॉल मऊ असते. मोटारीत ती आरामासाठी चांगली. ट्रेलरखाली मात्र त्यामुळे गाडी डोलायला मदत होते. माझं मत विचाराल तर, हिशेब करून, पुरेशी शिल्लक ठेवून कुणी लावले तर मी भांडणार नाही. पण गॅरेजमध्ये पडले होते म्हणून लावले, ह्याला मी हात लावत नाही. नायलॉन की रेडियल ह्यावरही लोक तासन् तास बोलतात. लांब पल्ल्याला रेडियल गार राहतो, खडबडीत जागी नायलॉनची साइडवॉल तग धरते. एका आसावर दोन्ही मिसळू नका, एवढंच मी ठामपणे सांगतो.

ते जोडपं बिग बेंडला जाऊन आलं. फोर्ट स्टॉकटनजवळून बाईंनी फोन केला होता, उजवा हब डाव्यापेक्षा किंचित कोमट लागतोय म्हणून. उजवी बाजू उन्हाची होती. सावलीत अर्धा तास थांबून पुन्हा हात लावा म्हटलं, तर दोन्ही सारखे लागले. असे फोन मला आवडतात.

आमच्या यार्डात मात्र अजून वाद चालू आहे. मालकांचं म्हणणं, आपले भाड्याचे ट्रेलर सतत फिरतात, त्यांचे टायर उभ्या ट्रेलरसारखे वाळत नाहीत, मग चांगल्या नक्षीचे टायर वयावर का काढायचे? त्यात तथ्य आहे. पण दक्षिणेच्या कुंपणाला लागून उभे असलेले छोटे ट्रेलर वसंतातच काय ते बाहेर पडतात, हे मी त्यांना नोंदवहीतून दाखवलं. सध्याची तडजोड अशी, की प्रत्येक मडगार्डच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनने टायरचं साल, कमाल भार आणि गार हवेचा आकडा लिहायचा. पाच वर्षांनंतर टायर दर हिवाळ्यात रिंगेवरून उतरवून आतून-बाहेरून बघायचा. सहा पूर्ण झाली की काढायचा. कुंपणालगतच्या ट्रेलरवर आता पत्र्याची शेड आली आहे, आणि बराच काळ उभे राहणारे ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवतो. स्टेपनीवर एकमत झालेलं नाही. ती जमिनीला लागलेलीच नाही, मग नवी कशाला, असं मालक म्हणतात. माझं म्हणणं, तिचाही डीओटीचा आकडा आहे, आणि ती दांड्यावर, सगळ्यांत जास्त उन्हात टांगलेली असते. उन्हाळ्याचं भाडं सुरू व्हायच्या आधी मला तो निर्णय लावून घ्यायचा आहे.